सहा नंबरच्या खोलीतलं बोलणं

६ सप्टेंबर

ति. दादास,
बारकीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कानाचं यंत्र पुन्हा कपाटात गेल्याची बातमी वहिनीनं समासात बारीक अक्षरात लिहिली आहे, तुझ्या नकळत. फोनवर तुझ्याशी बोलायचं म्हणजे आधी मी वहिनीला सांगायचं, मग तिनं तुझ्या कानाशी ओरडायचं, आणि तू भलतंच ऐकून भलतंच उत्तर द्यायचं. त्यापेक्षा कागद बरा. बावीस वर्षं तू बॉयलरचे पत्रे ठोकलेस आणि आता त्यापायी आम्ही सगळे पत्रं लिहिणारे झालो.

इकडे सत्र सुरू झाल्यामुळे आरोग्य केंद्रात रीघ लागलेली असते. माझ्या खिडकीसमोर सकाळी आठपासून पोरंपोरी उभी. कुणाला खेळाच्या संघासाठी तब्येतीचा दाखला हवा, कुणाचा चष्मा फुटलाय, कुणाचा घोटा सुजलाय. परीक्षा आली की पोटदुखीवाले वाढतात. आमची सिस्टर आधी त्यांच्या पेपरचं वेळापत्रक विचारते आणि मगच पोटाला हात लावते. महिनाभर झाला, फायलींची खोलीही माझ्याच गळ्यात आहे. तिथली कारकून बाळंतपणाच्या रजेवर आहे.

आता पुढचं बसून वाच. वहिनीला लगेच दाखवू नकोस.

ज्या मुलांचं मन ठिकाणावर नसतं, त्यांच्याशी बोलायला केंद्रात दोन समुपदेशक बाई आहेत. त्यांच्या खोल्यांना मागच्या अंगानं वेगळा दरवाजा आहे. मुलांना माझ्या खिडकीवरून, चारचौघांच्या नजरेसमोरून जायला लागू नये म्हणून मुद्दाम ठेवलेला. त्यांच्या फायलींवर नाव नसतं, नुसता नंबर असतो. मंगळवारी मी त्या फायली कपाटात लावत होते आणि एक नंबर माझ्या हातातच राहिला. आपल्या भिंगरीचा. तिचा प्रवेशाचा फॉर्म मीच भरला होता, दादा, तो नंबर मला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल.

मी फाइल उघडली. उघडायची नसते. कामाला लागले त्या दिवशी तशी सही करून दिली आहे. पण पोर आपली, आणि दर रविवारी माझ्याकडे जेवायला येते तेव्हा ताटात नुसती चिवडत बसते, म्हणून मला राहवलं नाही.

ती सहा नंबरच्या खोलीतल्या बाईंकडे पाच वेळा जाऊन आली आहे. गेल्या वर्षीचे दोन पेपर गेलेत, ते तिनं आपल्याला सांगितलेलं नाही. तिला झोप लागत नाही. वर्गात बसते पण समोरचं डोक्यात शिरत नाही. सकाळ होऊच नये असं वाटतं, असं ती म्हणाली आहे. तसं एकदा नाही, तीनदा लिहिलंय. बाईंनी तिला आमच्याच डॉक्टरांकडे झोपेसाठी पाठवलं, घरी सांगावं म्हणून सुचवलं. त्यावर तिचं म्हणणं बाईंनी जसंच्या तसं उतरवून ठेवलंय. बाबांना सांगायचं तर ओरडून सांगावं लागेल, आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही.

हे वाचून मी कपाटाला टेकून उभी राहिले. तुला न सांगणं मला जमलं नाही. काय करायचं ते तू ठरव, पण सांभाळून. माझं नाव कुठे येऊ देऊ नकोस.

वहिनीला नमस्कार. तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,

बारकी


११ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
बाबाचे अ. उ. आ.

आम्ही बरे आहोत. तुझी आई तुझ्या खोलीतल्या पुस्तकांवरची धूळ रोज पुसते. पंपांच्या दुरुस्तीचं नवीन काम मिळालंय, नव्या पोरांना शिकवतो. ते माझ्या कानाशी ओरडतात, मी त्यांच्या कानाशी ओरडतो, काम चालू आहे.

मला सगळं कळलं आहे. कुठून ते विचारू नकोस. ज्यांनी सांगितलं त्यांनी तुझ्या भल्यासाठीच सांगितलं. दोन पेपर गेले तर गेले. मी स्वतः किती पाण्यात होतो ते तुझ्या आत्याला विचार. त्याचा मला राग नाही. पण तू बाहेरच्या बाईजवळ जाऊन घरातलं बोलतेस, मनाच्या डॉक्टरांची औषधं घेतेस, हे मला लागलं. आपल्या घरात असलं कधी कुणाला झालं नाही. उद्या कुणी विचारलं तर आम्ही काय तोंड दाखवायचं? तुझ्या लग्नाच्या वेळी हे निघालं तर? हे सगळं तू विचारात घ्यायला हवं होतंस.

तू म्हणालीस की बाबाला ओरडून सांगावं लागेल. ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. ओरड की मग. बापाजवळ ओरडायला काय झालं? बाहेर कुजबुजण्यापेक्षा घरात ओरडलेलं बरं.

येत्या रविवारी मी येतो. वसतिगृहाच्या फाटकाशी अकराला थांब. दोन कपडे भरून ठेव, आठ-पंधरा दिवस घरी चल. आई जवळ असली की झोपही लागेल. आणि त्या खोलीत आता जायचं नाही.

अंगात स्वेटर घालत जा. तुझा,

बाबा


१९ सप्टेंबर

ति. आत्यास,
भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

खिडकीवर येऊन बोलले असते, पण तिथे मागे माणसं उभी असतात. रविवारी आले नाही म्हणून तू दोनदा निरोप पाठवलास, म्हणून लिहिते.

आधी तुझी माफी मागते. गेले दोन महिने मी तुमच्याच केंद्रात येत होते आणि तुला एका शब्दानं बोलले नाही. मागच्या दरवाजानं यायचे, सहा नंबरच्या खोलीत. तुला कळलं असतं तर तुला वाटलं असतं की सख्खी आत्या इथे बसलेली असताना पोरगी परक्या बाईकडे रडायला जाते. तसं काही नव्हतं गं. तू फार जवळची आहेस. जवळच्या माणसाला सांगितलं की त्याचा चेहरा उतरतो, आणि मग आपल्याला आपलं सोडून त्याचंच बघावं लागतं. त्या बाईंचा चेहरा उतरत नसे. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की इथलं बोलणं या खोलीबाहेर जाणार नाही, तुझ्या जिवाला अगदी धोका आहे असं दिसलं तरच मी कुणाला तरी कळवीन, आणि तेही आधी तुला सांगून.

आत्या, त्यांनी ते बाबांना कळवलं. मला न सांगता. मी त्या खोलीत एकदाच उच्चारलेलं वाक्य बाबांच्या पत्रात शब्दाशब्दानं आलं आहे. ते मी कुठेही लिहिलेलं नाही, मैत्रिणीलाही सांगितलेलं नाही. दुसरं कोण असणार?

रविवारी बाबा आले. वसतिगृहाच्या अंगणात बाकावर आम्ही बसलो. तुला माहीत आहे, आपण किती मोठ्यानं बोलतोय ते त्यांना कळत नाही. ते अगदी मायेनं बोलत होते, माझा हात हातात घेऊन. पण अख्ख्या अंगणाला ऐकू जात होतं. दोन पेपर गेले तर काय झालं, असं ते म्हणाले. मग म्हणाले की सकाळ होऊ नये असं वाटतं म्हणजे काय, जीव द्यायचा आहे का तुला. वरच्या मजल्यावरच्या खिडक्या एकेक करून उघडल्या. कपडे वाळत घालणाऱ्या मुली तशाच उभ्या राहिल्या. मी खुणेनं त्यांना हळू बोलायला सांगत होते आणि त्यांना वाटलं मी त्यांना गप्प करतेय, म्हणून ते आणखी मोठ्यानं बोलले. मी त्यांच्याबरोबर गेले नाही. त्यांना बसस्टॉपवर सोडलं. बस सुटताना ते खिडकीतून हसले. त्यांना वाटत होतं सगळं नीट झालं.

आता जेवणघरात मी गेले की टेबल शांत होतं. एका मुलीनं माझ्या खोलीसमोर फळं ठेवली, आजारी माणसासमोर ठेवतात तशी. मला ती लाथेनं उडवावीशी वाटली, आणि मग त्याचीच लाज वाटली. मी त्या खोलीत पुन्हा जाणार नाही. डॉक्टरांच्या गोळ्याही बंद केल्यात.

बाईंना मी विचारलं. त्या म्हणाल्या, त्यांनी कुणाला काही कळवलेलं नाही, आणि माझा विश्वास बसत नसेल तर तक्रार करण्याचा मला पूर्ण हक्क आहे, तक्रार कुठे द्यायची तेही त्यांनी सांगितलं. मला वाटलं, काय निगरगट्ट बाई आहे. मी तक्रार लिहिली आहे. कुठल्या कपाटात कुठला कागद अडकतो ते तुला ठाऊक. माझा कागद मोठ्या डॉक्टरांपर्यंत पोचला की नाही एवढं बघशील का? माझं या ठिकाणी तूच एक माणूस आहेस.

तुझ्यावर जीव असलेली,

भिंगरी


३० सप्टेंबर

ति. दादास,
सा. न. वि. वि.

तू तिला काय लिहिलंस? ते वाक्य तू तिच्याच पुढ्यात ठेवलंस? मी माझं नाव येऊ देऊ नकोस म्हटलं होतं. ते तू पाळलंस, आणि ते पाळल्यानंच घोटाळा झाला. तिला वाटतंय सहा नंबरच्या बाईंनी सांगितलं. तिनं त्यांच्यावर लेखी तक्रार केली आहे.

तो कागद माझ्याच हातून गेला, दादा. टपाल मीच फोडते. भिंगरीचं अक्षर, खाली सही. मी त्यावर आवक क्रमांक घातला, शिक्का मारला आणि मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवला. शिक्का वाकडा बसला.

चौकशी संपेपर्यंत बाईंना मुलांना भेटायची बंदी आहे. रोज वेळेवर येतात, स्वतःच्या खोलीत दार उघडं ठेवून बसतात, कारण बंद दाराआड बसायचीही त्यांना आता चोरी झाली आहे. त्यांच्याकडे येणारी पंधरा-सोळा मुलं दुसऱ्या बाईंकडे पाठवलीत. त्यांतली निम्मी फिरकलीच नाहीत. त्यांना पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायचं नाही, असं एकानं खिडकीवर येऊन सांगितलं. काल त्या बाई माझ्या खिडकीशी आल्या, टाचण्यांची डबी मागायला. मी बरी आहे ना, थकलेली दिसते, असं त्यांनी मला विचारलं. मी टाचण्या सांडल्या. आम्ही दोघी वाकून वेचत बसलो.

आणि एक सांगायलाच हवं. भिंगरीनं अंगणातलं सगळं मला लिहिलं आहे. तू ओरडत होतास. तुला वाटलं नसेल, पण तू ओरडत होतास, आणि सगळ्या वसतिगृहानं ऐकलं. वहिनीला विचार, ती खोटं सांगणार नाही.

मी तिच्या खोलीवर दोनदा गेले. दार उघडत नाही. आतून म्हणते, वाचतेय. वॉर्डनबाई म्हणतात, दिवसातून एकदा जेवायला उतरते, कधी तेही नाही. ज्या एका जागी ती बोलत होती ती जागा मी बंद केली. मला काय करावं सुचत नाही. लवकर लिही.

बारकी


४ ऑक्टोबर

चि. बारकीस,
दादाचे अ. आ.

तुझ्या वहिनीला विचारलं. मग तिनं पाटीवर लिहून दाखवलं की मी नेहमीच ओरडतो, लोकांसमोर बोलायला लागलो की तिला दार लावून घ्यावंसं वाटतं. एकतीस वर्षांत मला हे कुणी सांगितलं नाही. मला वाटलं होतं मी पोरीच्या कानाशी हळूच बोलतोय. परतीच्या बसमध्ये मी शेजारच्याला सांगत होतो की लेकीची समजूत घालून आलो. तेही सगळ्या बसनं ऐकलं असणार.

परवापासून मी कारखान्यात कुणाशी बोललो नाही. हातानं दाखवतो. पोरांना वाटतंय मी चिडलोय.

पण तू माझं ऐक. तोंड उघडू नकोस. चूक माझी झाली, ते वाक्य मी लिहायला नको होतं. पण तू कबूल केलंस तर तुझी नोकरी जाईल. तुला मागे-पुढे कोण आहे? त्या बाई शिकलेल्या आहेत, त्यांना दुसरीकडे मिळेल. चौकशीत काही निघालं नाही तर सुटतीलही. भिंगरीला मात्र हे कळलं तर तिचं तुझ्यावरचंही मन उडेल, आणि मग तिथे तिचं कोण उरलं? तिच्यासाठी तरी गप्प राहा. दिवस गेले की निवळेल.

हे लिहिताना मला बरं वाटत नाही, एवढं तुला सांगून ठेवतो.

दादा


८ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद. ते तुला नकोसे झाले तर ठेवू नकोस.

हे पत्र मी तुझ्या दाराखालून सरकवणार आहे. वाचून झाल्यावर तुला मला भेटायची, बोलायची, उत्तर द्यायची काही गरज नाही.

तुझ्या बाबांना मी कळवलं. सहा नंबरच्या बाईंनी नाही. ऑगस्टपासून फायलींची खोली माझ्याकडे होती. तुझा नंबर मी ओळखला, तुझी फाइल उघडली, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचली आणि घरी जाऊन दादाला लिहून टाकली. ते वाक्यसुद्धा. एकदा वाचून ठेवून दिली असती तर निदान एवढंच म्हणता आलं असतं की हात चुकला. पण मी जेवणाच्या सुट्टीत पुन्हा वाचली, काही राहून जाऊ नये म्हणून.

मी स्वतःला सांगत होते की हे सगळं मायेपोटी आहे. तशी माया होतीही. पण भिंगरी, मी खरं सांगते, मला रागही आला होता. एरवी दर रविवारी माझ्याकडे येते आणि दोन महिन्यांत मला एक अक्षर बोलली नाही. आणि ती बाई कोण कुठली, तिला सगळं माहीत. मला ते माहीत करून घ्यायचं होतं. तुझ्यासाठी नाही, मला. आणि हाती लागल्यावर ते जवळ ठेवायला मला झेपेना, म्हणून तुझ्या बाबांवर टाकलं.

मग तुझं पत्र आलं. त्यात तू माझी माफी मागितली होतीस. मी ते एकदाच वाचलं, पुन्हा हातात धरवलं नाही. तरीसुद्धा मी गप्प राहिले. अठरा दिवस तुझ्या तक्रारीचा कागद माझ्या डोळ्यांसमोरून या टेबलावरून त्या टेबलावर जात होता आणि मी लोकांना पुढचा म्हणून हाका मारत होते. दादानं गप्प राहा म्हटलं, पण ते त्याच्यावर ढकलत नाही. तो म्हणायच्या आधीपासूनच मी गप्प होते.

आज सकाळी मी मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन सगळं सांगितलं आणि लिहूनही दिलं. त्यांनी बाईंना बोलावून घेतलं. मला वाटलं होतं त्या मला खडसावतील. मी तशी तयारीनंच गेले होते. त्यांनी मला फक्त एक विचारलं. मुलगी सध्या कुणाशी बोलते आहे का? मी म्हटलं, दार उघडत नाही. त्या नुसत्या खुर्चीवर बसल्या. त्यांच्यावरचा ठपका निघाला होता आणि त्यांच्या ते ध्यानातही नव्हतं. मला तेव्हा जी शरम वाटली ती पहिल्यांदा फाइल उघडली तेव्हा वाटायला हवी होती.

दुपारी मला खिडकीवरून उठवलं. फायलींच्या खोलीची किल्ली मी सगळ्यांसमोर टेबलावर ठेवली. सिस्टरनं माझ्याकडे पाहिलं नाही. पुढे काय करायचं ते वरून ठरेल, आणि जे ठरेल ते मला मान्य आहे. कपाटाला आता दोन कुलपं घालणार आहेत.

बाईंनी तुझ्यासाठी एक निरोप लिहून दिला आहे, बंद पाकिटात. तो याच पत्राबरोबर आहे. मी तो उघडलेला नाही. तुझा विश्वास बसावा असं मी काही केलेलं नाही, म्हणून पाकिटाच्या जोडावर त्यांची सही आहे ती बघून घे.

माझ्यावर रागाव. खूप रागाव. पण जेवायला खाली उतर आणि कुणाशी तरी बोल, माझ्याशी नको, पण कुणाशी तरी.

तुझी,

आत्या


१६ नोव्हेंबर

आत्यास,
स. न. वि. वि.

तुझं पत्र मी फाडलं होतं. मग चिकटवलं. पाकीट फाडलं नव्हतं.

तू सांगितलंस हे बरं केलंस, असं मला अजून म्हणता येत नाही. तू सांगितलं नसतंस तर मी एका भल्या बाईला आयुष्यातून उठवलं असतं आणि वर स्वतःला बिचारी समजत राहिले असते. ते तू मला करू दिलं असतंस. अठरा दिवस करू दिलंस. तुझं वाचल्याचं मला एवढं नाही लागलं, जेवढं हे लागलं.

मी बाईंची माफी मागायला गेले. त्यांच्या दारासमोर तीन वेळा जाऊन परत फिरले. तक्रारीत मी त्यांच्याविषयी जे शब्द वापरले होते ते मला पाठ झाले होते. शेवटी आत गेले. त्या म्हणाल्या की तक्रार केलीस तेच योग्य होतं, तुझं बोलणं बाहेर गेलं होतं, मग तू कुणाला तरी विचारायलाच हवं होतंस. एवढंच. मी पाया पडले नाही की रडले नाही. नुसती लाल होऊन उभी होते. आपल्या घरात प्रत्येकानं दुसऱ्यासाठी म्हणून काहीतरी केलं, आणि प्रत्येकाला आता मान वर करता येत नाही. मलाही.

बाबांना मी एक पत्र लिहिलं आहे, सात पानी. त्यात काय लिहिलं ते तुला सांगणार नाही.

तुला कामावरून काढलं नाही, चादरींच्या खोलीत टाकलं, असं ऐकलं. वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. दोन्ही.

एक गोष्ट मात्र तुझ्याकडून हवी आहे. यापुढे माझ्याबद्दल कुणाला काहीही कळवायचं नाही. वाईट तर नाहीच, पण चांगलंही नाही. मी हसताना दिसले, बरी दिसले, कुणाबरोबर फिरताना दिसले, तरी ते तुझ्याजवळच राहिलं पाहिजे. एवढं जमलं तर पुढचं पुढे बघू. रविवारचं आत्ताच विचारू नकोस.

तब्येतीला जपून राहा.

भिंगरी


२२ जानेवारी

चि. बारकीस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

कपाटातलं यंत्र बाहेर काढलं आहे. शिट्टी वाजते, पण कानात ठेवतो. वहिनीनं मला एक खूण शिकवली आहे. तिनं पदर सावरला की मी आवाज खाली करायचा. ती दिवसभर पदरच सावरत असते.

पोरीचं सात पानी पत्र मी बरेच दिवस रोज वाचत होतो. मी उत्तर लिहिलं आणि पाच वेळा फाडलं. शेवटी नुसतं लिहिलं की मी चुकलो, लग्नाचं आणि तोंड दाखवायचं जे लिहिलं त्याची मला लाज वाटते, आणि तुला जिथे बरं वाटेल तिथे जा. त्यावर तिचं चार ओळींचं कार्ड आलं. दोन्ही पेपर मार्चमध्ये पुन्हा देणार आहे. सकाळी मैत्रिणीबरोबर पोहायला जाते. बाकी काही नाही. ते कार्ड मी खिशात ठेवतो.

पण बारकी, मला एक सांग. ती त्या सहा नंबरच्या बाईंकडे परत जायला लागली का? मी तिला विचारत नाही. विचारलं तर तिला वाटेल बाबा पुन्हा मागे लागला. तू तिथेच असतेस. चादरींची खोली मागच्या दरवाजासमोर आहे, असं तूच लिहिलं होतंस. येता-जाता दिसत असेल. तपशील नको. ती काय बोलते ते मला कळायला नको. नुसतं हो किंवा नाही. पाहिजे तर कोऱ्या कार्डावर एक टिंब काढून पाठव, मी समजेन. सकाळी उठल्यावर पहिला विचार तोच येतो, आणि तो जाता जात नाही. तुझ्या या म्हाताऱ्या भावाला एवढं दे.

तुझा,

दादा


२८ जानेवारी

ति. दादास,
बारकीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा मी टॉवेलांच्या घड्या घालत होते. दुपारी त्याच ढिगाऱ्यावर बसून वाचलं. माझं इथलं काम ठीक चाललं आहे. दिवसाला दीडशे चादरी येतात, तेवढ्याच जातात. त्यांच्यावर काही लिहिलेलं नसतं, ते एक बरं. सिस्टर आता माझ्याशी बोलते, म्हणजे चादरी मोजताना आकडा सांगते. सहा नंबरच्या बाई जाता-येता मान हलवतात. मी अजून त्यांच्याकडे सरळ बघू शकत नाही, पण पूर्वीसारखी पाठ करत नाही.

तू जे विचारलंस त्याचं उत्तर मी देणार नाही.

रागावू नकोस. मला ठाऊक आहे तुझा जीव किती टांगणीला लागलाय. तुझं पत्र वाचून दोनदा मी पेन उचललं. एक शब्द लिहिला असता तर तुला आज झोप लागली असती, आणि तो शब्द लिहिताना मलाही पुन्हा तेच वाटलं असतं, मायेपोटी. म्हणून पेन खाली ठेवलं आणि उरलेले टॉवेल संपवले.

मला काही दिसतं की नाही, आणि दिसलं तर काय दिसतं, हे माझ्याकडून तुला कळणार नाही, वहिनीला नाही, कुणालाच नाही. तुला विचारायचं असेल तर तिलाच लिही. मागे लागल्यासारखं होईल म्हणतोस, तर तसंही लिही, की मी मागे लागत नाही, पण काळजी वाटते. ती सांगेल किंवा सांगणार नाही. सांगितलं नाही तर वाट बघ. तुला ते कठीण जाईल. मलाही जातंय. गेले कित्येक रविवार मी दोन ताटं मांडते आणि एक उचलून ठेवते.

या पत्रात उत्तर नाही, दादा. उलटंसुलटं करून, उजेडाला धरून बघू नकोस. टिंब दिसलं तर ते पेनच्या शाईचं आहे.

वहिनीला म्हणावं, पदर जपून सावर, फाटेल. मार्चपर्यंत थंडी आहे, कानाला मफलर बांधत जा, यंत्रावरून बांध. चिडलास तरी लिहिणं सोडू नकोस, एवढं या बहिणीसाठी कर.

तुझी,

बारकी